शेजारच्या सीटवरचा ब्रेक

“पाय कुठाय तुझा? पाय बघ. अगं, पाय.”

हा आवाज तिच्या वडिलांचा. ते मालाचा ट्रक चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात तिला गाडी शिकवायचे. आवाज असा, की मैदानापलीकडे दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून बघायच्या. माणूस वाईट नव्हता. घरी आले की खिशातून तिच्यासाठी गोळ्या काढायचे, झोपेत तिचं पांघरूण सरकलं तर ओढून द्यायचे. पण गाडीत बसले की त्यांच्या घशात दुसराच कुणी येऊन बसायचा. ती गाडी शिकली, चांगली शिकली. वडील जाऊनही बरीच वर्षं झाली. आवाज मात्र कुठे गेला नाही, तो तिच्या घशात येऊन राहिला. नाक वडिलांचं, हनुवटी वडिलांची, तसा तोही.

आता तीच लोकांना गाडी शिकवते. तिची छोटी पांढरी गाडी आहे, टपावर पाटी आहे आणि शेजारच्या सीटपाशी एक जादा ब्रेक आहे. त्या ब्रेकवर तिचा पाय आणि त्या पायावर शिकणाऱ्यांचा जीव. म्हणून तिचं नाव पडलं ब्रेकताई. खरं नाव घरच्यांनाही आठवून सांगावं लागतं.

तिच्याकडे येतात त्या बहुतेक बायका. ज्यांना नवऱ्यानं, भावानं नाहीतर मुलानं शिकवायचा प्रयत्न केला आणि त्यानंतर ज्यांनी कानाला खडा लावला, अशा. एकीनं दुसरीला सांगायचं, दुसरीनं तिसरीला. सांगायचं एकच, “ब्रेकताई ओरडत नाही.” एवढ्या एका वाक्यावर तिचं घर चाललं होतं.

सकाळी पहिली शिकाऊ बाई यायच्या आधी ब्रेकताई थोडा वेळ गाडीत एकटीच बसते. शेजारच्या सीटवर, हात मांडीवर, डोळे उघडे. ओठ तेवढे हलतात. समोरच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारा गृहस्थ काच पुसता पुसता हे रोज बघतो.

“गाडीशी काय बोलता हो ताई?”

“आज नीट चाल म्हणते.”

“ऐकते का?”

“बघू आता.”

ती गाडीशी बोलत नव्हती. ती म्हणत असायची, प्रभू येशू, आज माझं तोंड तू सांभाळ. घशाशी येईल ते घशाशीच ठेव. मग त्या दिवशी येणाऱ्या एकेकीचं नाव घ्यायची. कुणाचा क्लच सुटत नसे, कुणाला आरशात बघायची भीती वाटे, कुणाच्या घरी दुखणं असे. एकेक नाव, एकेक गरज, जात्यात मूठ मूठ दाणे सोडावेत तसं. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

न सांगण्याचं कारण तिच्यापाशी पक्कं होतं. गाडीत बसलेल्या बाईच्या दोन्ही हातांत स्टिअरिंग असतं आणि जीव मुठीत असतो. ती ‘नको’ म्हणून उठून जाऊ शकत नाही. अशा माणसापुढे देवाचा विषय काढायचा म्हणजे पाठीमागून हात पिरगाळण्यासारखं आहे, असं तिला वाटायचं. दुसरंही एक कारण होतं, ते ती स्वतःशीही पुरतं बोलत नसे. ‘ब्रेकताई ओरडत नाही’ हे वाक्य जसं तोंडातोंडी पसरलं, तसंच ‘ब्रेकताई गाडीत बसवून धर्म शिकवते’ हेही पसरलं असतं. आणि ते जास्त वेगानं पसरलं असतं.

शिवणवाल्या वहिनी तिच्याकडे आल्या त्या अशाच कुणाकडून तरी ऐकून. पन्नाशीच्या, अंगानं काटकुळ्या, ओठांत टाचणी नसली तरी असल्यासारखं बोलणाऱ्या. नवरा टेम्पो चालवायचा. त्याच्या डोळ्यांपुढे हळूहळू धुकं दाटत गेलं, आणि डॉक्टरांनी एके दिवशी सांगितलं की आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. टेम्पो जिन्याखाली उभा राहिला. वहिनी शाळांचे गणवेश शिवून देत. ते पोचवायला टेम्पो लागायचा, आणि नवऱ्याला दवाखान्यात न्यायलाही. नवऱ्यानं आधी स्वतः शिकवून पाहिलं. “त्यांनी शिकवलं, मी रडले आणि टेम्पो भिंतीला टेकला,” वहिनींनी पहिल्या दिवशी सांगितलं. “एवढीच आमची प्रगती.”

त्यांची अडचण ब्रेकताईनं याआधी कुणात पाहिली नव्हती. एरवी नवशिकी बाई घाबरली की पाय दाबते, मिळेल तो. वहिनी घाबरल्या की दोन्ही पाय उचलायच्या. सरळ वर, गुडघे स्टिअरिंगला लागेपर्यंत. ब्रेकताईला दोन दिवस हा प्रकार कळेना. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “वहिनी, तुमची मशीन मोटरची आहे का हो?”

“मग काय तर. पाय ठेवला की पळते.”

“आणि थांबवायची कशी?”

“पाय उचलायचा.” हे बोलताना वहिनींचेच डोळे मोठे झाले. “अगं बाई.”

तीस वर्षं तो पाय हेच शिकला होता, की काही चुकलं, सुई बोटाजवळ आली, कापड ओढलं गेलं, तर उचल, सगळं थांबतं. आणि इथे उचलला तर गाडी आपली उताराला लागून निवांत चाललेली.

“ही थांबत नाही हो उचलून. हिला दाबून थांबवावं लागतं.”

“दाबला की पळते ना पण.”

“तो दाबला की पळते. हा दाबला की थांबते.”

“एकाच पायानं दोन्ही?”

“एकाच पायानं.”

“म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं आहे,” वहिनी म्हणाल्या. “कळत नाही कुठे दाबलं की काय होईल.”

कोपऱ्यावरच्या कचराकुंडीनं त्या महिन्यात बरंच सोसलं. वहिनी पाय उचलायच्या, गाडी कुंडीकडे निघायची, ब्रेकताईचा ब्रेक लागायचा. घशापर्यंत येई तिच्या. “पाय कुठाय तुमचा” हे शब्द जिभेच्या टोकावर उभे असत, आणि ती श्वास सोडून म्हणे, “थांबलोय आपण. काही झालेलं नाही. आता पाय बघा कुठे आहे, हळू ठेवा.”

एकदा असंच थांबल्यावर वहिनी तिच्याकडे वळल्या. गाडी रस्त्याच्या कडेला, कुंडीपासून वीतभर.

“ताई, तुम्हाला राग कसा येत नाही हो?”

“मला? माझं बीपी लो आहे.”

वहिनी हसल्या. पण दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारलं, “खरं सांगा ना, काय करता तुम्ही?” ब्रेकताई म्हणाली, “घरी जाऊन उशी बडवते.” त्यानंतर एकदा, उतारावर गाडी मागे घरंगळली त्या दिवशी, वहिनींनी इंजिन बंद केलं, हात मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, “मी थट्टेनं विचारत नाहीये.” ब्रेकताईनं आरशात पाहिलं. मागून कुणी येत नव्हतं, घाई कसलीच नव्हती. “राग महाग झालाय वहिनी, परवडत नाही,” ती म्हणाली, आणि घड्याळ दाखवून वेळ मारून नेली. त्या दिवशी पाटी उतरवताना तिला स्वतःचा आवाज आठवला आणि तो बरा वाटला नाही.

बुधवारी संध्याकाळी चर्चची मंडळी तिथल्या पाळकबाईंच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती जमत. पाच-सहा माणसं, चहाची किटली, एक गाणं, प्रार्थना. महिनाभर पाळकबाईंनी एकच विषय लावून धरला होता, आपलं रोजचं काम आणि प्रभू. कामाच्या जागी त्याच्याविषयी कुणाशी बोललात, कसं बोललात, ज्यानं त्यानं सांगायचं.

ब्रेकताईचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला सांगण्यासारखं नेहमीच असे.

“काल एका इमारतीत तिघं अडकले,” तो म्हणाला. “मी वर मशीनच्या खोलीत. म्हटलं, हाताला काम आहे, तोंड तर मोकळं आहे. त्या आतल्या स्पीकरवरून बोललो त्यांच्याशी. प्रभूविषयीच बोललो.”

“त्यांना आधी बाहेर काढलंस की आधी सांगितलंस?” ब्रेकताईनं विचारलं.

“सांगत सांगत काढलं.”

“आणि काढायला किती वेळ लागला?”

“लागला जरा,” भाऊ म्हणाला. “विषय मोठा होता.”

टेबलाभोवती सगळे हसले. पाळकबाईही हसल्या, मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, “अरे, अडकलेल्या माणसाला आधी दार उघडून दे. मग तो थांबला तर सांग.”

“थांबत नाही ना कुणी,” भाऊ म्हणाला. “ते काय बोलणार, पळतच सुटतात.”

“तेच म्हणते मी,” ब्रेकताई म्हणाली. तिला एकदम बळ आलं. “माझ्या गाडीतली बाई तर पळूही शकत नाही. मी विषय काढत नाही. काढणार नाही.”

पाळकबाईंनी चष्मा पुन्हा लावला. “बरोबर आहे तुझं. न विचारणाऱ्याला नको सांगूस. पण विचारणाऱ्याला काय सांगतेस?”

किटलीचं झाकण कुणीतरी नीट बसवलं. ब्रेकताई म्हणाली, “कुणी विचारत नाही.”

खोटं बोलून झालं आणि चहा संपला. घरी जाताना भाऊ शेजारी चालत होता. कोपरा वळल्यावर म्हणाला, “ताई, तुला खरंच कुणी विचारत नाही? मला तर लिफ्टमधले लोक विचारतात, इतका वेळ का लागतोय म्हणून.”

“तू गप्प बस,” ती म्हणाली. ते मात्र तिनं वडिलांच्या आवाजात म्हटलं, आणि भाऊ लगेच गप्प बसला.

परीक्षेच्या आधल्या आठवड्यात वहिनींचा नवरा गाडीत मागे बसायला आला. “आमच्या मास्तरीणबाई कशा शिकवतात ते ऐकायचंय,” म्हणाला. “बघता तर येत नाही.” गोल चेहऱ्याचा, विनोदी माणूस. डोळे उघडे ठेवून नजर कुठेतरी खांद्यापलीकडे.

चौकापर्यंत सगळं ठीक गेलं. चौकात एक सायकल आडवी आली. वहिनींचा पाय ब्रेकच्या दिशेनं निघालाही होता. तेवढ्यात इंजिनाच्या आवाजावरून मागच्या माणसाला काहीतरी कळलं आणि तो ओरडला, “ब्रेक दाब. अगं, ब्रेक.” वहिनींचे दोन्ही पाय वर. ब्रेकताईनं आपला ब्रेक दाबला, सायकलवाला मागे न बघता निघून गेला.

वहिनींची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती.

ब्रेकताई मागे वळली. “भाऊ,” ती म्हणाली, “त्यांचा पाय निघाला होता. तुमच्या आवाजानं परत गेला.”

“सवय हो ताई,” नवरा ओशाळून म्हणाला. “टेम्पोत बसून बसून.” मग जरा वेळानं म्हणाला, “तुम्ही काय दगडाच्या आहात का? माझ्या अंगावर ओरडायला हवं होतं तुम्ही.”

“त्यांचा स्वभावच तसा आहे,” वहिनी पुढे बघत म्हणाल्या. “थंड. जन्मापासूनचा. देवमाणूस आहेत त्या.”

हे ऐकून बरं वाटतं. ब्रेकताईला बरं वाटलं. तिनं ते खोडलं नाही. म्हणाली, “चला, पहिला गिअर.”

वहिनी पास झाल्या. अधिकाऱ्यानं चढावर गाडी थांबवायला सांगितली, त्यांनी थांबवली, दाबून. बाहेर येऊन त्यांनी ब्रेकताईचे दोन्ही हात धरले आणि तिच्या कोटाची बाही बघितली. सीटबेल्टचा पट्टा घासून घासून कड उसवली होती. “हा इथे सोडा माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “शनिवारी घेऊन जा. आणि पैशाचा विषय काढलात तर दोन्ही बाह्या शिवून बंद करीन.”

त्या संध्याकाळी घरी भावानं विचारलं, “तुझ्या त्या शिवणवाल्या बाईंचं काय झालं?”

“पास झाल्या.”

“बरं झालं.” तो स्क्रूड्रायव्हर फडक्याला पुसत होता. “म्हणजे आता यायच्या नाहीत त्या.”

“कशाला येतील?”

“नाही, सहज म्हटलं.”

शनिवारी दुपारी ती कोट आणायला गेली. जिन्याखाली टेम्पो उभा होता, त्याची काच नुकती पुसलेली. वर चढताना पहिल्या वळणावरच तिला आवाज ऐकू आला. आधी वाटलं, दुसऱ्या कुणाच्या घरातून येतोय.

“किती वेळा सांगायचं? चार भोकांची वेगळी, दोन भोकांची वेगळी. बोटांनाही दिसत नाही का आता? सगळी एकत्र केलीत. आता मी शिवू की बटणं निवडत बसू?”

दार उघडंच होतं. खोलीभर कापड. खिडकीपाशी मशीन, तिच्या भोवती कातरलेल्या चिंध्यांचा ढीग, भिंतीला लटकवलेले निम्मे शिवलेले शर्ट, बाह्या नसलेले. इस्त्रीच्या टेबलापाशी नवरा बसला होता, पुढ्यात बटणांचा पसारा. त्याची बोटं एका बटणावरून फिरत होती, फिरत होती, आणि ठरत नव्हती. वहिनी मशीनवरून अर्ध्या उठलेल्या, गळ्यात टेप, मान ताठ.

नवऱ्याला पावलं आधी कळली. “या ताई,” तो म्हणाला. “आज हिला ब्रेक नाही बघा.” विनोद करून तो उठला, टेबलाच्या कडेला हात लावत लावत दारापर्यंत आला. “मी जरा जिन्यात बसतो. हवा बरी आहे तिथे.” दारात खांद्याला ब्रेकताईचा हात लागला तसा तो क्षणभर थांबला, हसला आणि कठड्याला धरून पायरीवर जाऊन बसला.

वहिनींनी ब्रेकताईचा कोट बाहेर काढला. घडी घातली, मोडली, परत घातली. शिवण इतकी बारीक, की उसवलं होतं कुठे ते सापडू नये.

“ऐकलंत ना तुम्ही,” त्या म्हणाल्या.

ब्रेकताईनं मान हलवली.

“रोज असंच होतं. सकाळी ठरवते, आज नाही. त्यांना काय हौस आहे का? टेम्पोतून अख्खा मुलूख फिरलेला माणूस, बटणं निवडत बसतो, मला मदत व्हावी म्हणून. आणि मी...” त्यांनी घडी घातलेला कोट उगाच सपाट केला. “ते ओरडायचे तेव्हा मला वाटायचं, काय माणूस आहे. आता त्यांनी सोडलं आणि मी धरलं. त्यांना तर उठून जायलाही जिन्याशिवाय जागा नाही.”

जिन्यातून नवऱ्याची शीळ ऐकू येत होती, सूर नसलेली.

“म्हणून तुम्हाला विचारत होते मी तेव्हा,” वहिनी म्हणाल्या. “म्हटलं, काहीतरी करत असतील या. काहीतरी युक्ती असेल, शिकवतील मला. तुम्ही हसण्यावारी नेलंत, तेव्हा कळलं की युक्ती वगैरे काही नाही. असतो एकेकाचा स्वभाव. तुमचा तसा, माझा असा. गाडी शिकता येते, स्वभाव थोडाच शिकता येतो. मी नाद सोडला मग.” त्यांनी कोट पुढे केला. “घालून बघा. खांद्यात ओढत नाही ना?”

ब्रेकताईनं कोट घेतला, पण घातला नाही. खोलीत कुणाच्या हातात स्टिअरिंग नव्हतं. दार उघडं होतं, वहिनींचं स्वतःचं घर होतं, ‘पुरे’ म्हणायचं झालं तर त्यांनी म्हणायला काही हरकत नव्हती. कुठलंच कारण उरलं नव्हतं. राहिली होती ती नुसती भीती, आणि ती एवढीशी होती. या बाईनं तीनदा पाणी मागितलं आणि आपण तीनदा रिकामा पेला पुढे केला, हे त्या भीतीपेक्षा मोठं होतं.

“वहिनी, बसा जरा,” ती म्हणाली.

वहिनी मशीनच्या स्टुलावर बसल्या. सवयीनं पाय मशीनच्या पॅडलवर गेला असता, तो त्यांनी बाजूला घेतला.

“मी थंड नाही,” ब्रेकताई म्हणाली. “तुम्ही त्या दिवशी गाडीत म्हणालात आणि मी ऐकून घेतलं, ते खोटं होतं. मला राग येतो. तुम्ही पाय उचललेत तेव्हा दरवेळी आला. तुमच्या नवऱ्यापेक्षा मोठ्यानं ओरडता येतं मला, घरी विचारा माझ्या भावाला. माझ्यात ते सांभाळायची ताकद नाही, तुमच्यात नाही तशीच.”

“मग?”

“तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. लोक काय म्हणतील म्हणून नाही सांगितलं.” तिनं कोट मांडीवर ठेवला. शब्द जुळवून बघितले, जुळले नाहीत, तसेच बोलली. “मी येशूला मानते. म्हणजे नुसतं मानत नाही, त्याच्याच जिवावर जगते. सकाळी तुम्ही यायच्या आधी मी गाडीत बसून त्याच्याशी बोलते. म्हणते, आज माझं तोंड तू सांभाळ. तुमचं नावही घेते, तुमच्या नवऱ्याचंही घेते. परीक्षा झाली तरी घेतेय, सोडलेलं नाही. युक्ती म्हणाल तर एवढीच आहे. माझ्याजवळ नाही ते मी त्याच्याकडे मागते, आणि तो देतो. साठवून ठेवता येत नाही, वहिनी. त्या दिवसापुरतंच देतो. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा मागावं लागतं.”